चार लिंबांपुरती किल्ली

दादा, गाडीवरचा हार आज काढला. शेवंतीचा नुसता चुरा झाला होता आणि लाल बॉनेटवर त्याचे पिवळट डाग पडले होते. तू असतास तर माझ्यावर ओरडला असतास, इतके दिवस हार ठेवलाच कसा, रंग खातो तो. ओल्या फडक्याने पुसलं. दोन डाग गेले नाहीत. ते आता जायचे नाहीत बहुतेक.

लोक भेटायला येतात. फार शांत माणूस, म्हणतात. कुणाच्या अध्यात ना मध्यात, म्हणतात. मी मान हलवते. यातलं कुणी तुझ्या शेजारी ताशी शंभरच्या वेगाने बसलेलं नाही, त्यामुळे त्यांना तू माहीत नाहीस आणि मला ते त्यांना समजावून सांगायचं नाही. मग विचारतात, कसं झालं? मी सांगते: स्वतः गाडी चालवत हॉस्पिटलला गेला, स्वतःच्या पायांनी आत गेला, मी गाडी लावायला गेले, जागा मिळेना, परत येईपर्यंत आटोपलं होतं. सगळे हळहळतात. वहिनी माझ्या पाठीवरून हात फिरवते. गेले दोन आठवडे मी हे पाठ केल्यासारखं सांगते आहे आणि त्यात एक वाक्य खोटं आहे.

ते शेवटी सांगेन. आधी आपलं भांडण पुरं करते. तुझी सवयच ती, वाद रंगात आला की हात धुवायला उठायचं. या खेपेला जास्तच लांब गेलास.

भांडण सुरू झालं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. साताऱ्याहून बदलून मद्रासला आलेले आपले बाबा, त्यांनी हौसेने घेतलेली ती काळी जुनी गाडी, आणि बीचकडचा रिकामा रस्ता. मला शिकवलंस तू. खोटं कशाला बोलू, चांगलं शिकवलंस. क्लच सोडताना पायाखाली अंडं आहे असं समज, म्हणायचास. मग आपण दोघं एकाच दिवशी लायसन्सला गेलो. मी पास झाले, तुझी रिव्हर्स चुकली. पुढच्या महिन्यात तूही पास झालास, विषय संपायला हवा होता. पण त्या दिवशी जेवताना बाबा ताटातून मान वर न करता म्हणाले, "शरूचा हात चांगला आहे. तुझ्यापेक्षा चांगला."

एवढंच. तू रसम ओरपत राहिलास. पण त्यानंतर मी चालवत असलेल्या गाडीत तू कधी पुढे बसला नाहीस. चाळीस वर्षांत एकदाही नाही. माझी पांढरी छोटी गाडी घेतली, तिच्यातही मागे बसायचास, पेपर उघडून, एखादा जनरल मॅनेजर चालल्यासारखा. सिग्नलला शेजारचे रिक्षावाले मला तुझी ड्रायव्हर समजायचे. मी हसून घ्यायची. हसत नव्हते रे दादा. तेव्हा हसल्यासारखं दाखवायची, आता त्याचीही गरज नाही.

रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यातून तू निवृत्त झालास आणि दोन महिन्यांत ही गाडी दारात आणलीस. इथे नोकरीला आलेला कुणी परदेशी साहेब परत जाताना विकून गेला होता. दोन माणसांची, टप मागे दुमडणारी, जमिनीला टेकलेली, कुंकवासारखी लाल. अड्यारच्या आपल्या गल्लीत सगळे बाहेर येऊन बघत होते. वहिनी तंजावरच्या मराठी घरातली, ती दारातच उभी राहून म्हणाली, "कायला हो हे? पोरं अमेरिकेत, सून अमेरिकेत, आता दोन सीटांत कोण कोण बसणार?" तू गाडीभोवती फिरत होतास. मी तुझा तो चेहरा कधी बघितला नव्हता, तुझ्या लग्नातसुद्धा नाही.

"एवढ्या वयात?" मी विचारलं. वाईट हेतूने विचारलं.

तू म्हणालास, "रेल्वेच्या डब्याला स्टिअरिंग नसतं, शरू. पस्तीस वर्षं मी बिनस्टिअरिंगच्या गाड्या बाहेर काढल्या. वळणं सगळी दुसऱ्याने आधीच टाकून ठेवलेली."

मीही पस्तीस वर्षं नुंगंबाक्कमच्या बँकेत त्याच काउंटरवर काढली होती. तू उत्तरेत बदलीवर होतास तेव्हा आईचं अंथरूण मी नऊ वर्षं सांभाळलं, बढती दोनदा नाकारली. माझी वळणं कुणी टाकली होती हे तू कधी विचारलं नाहीस. निवृत्त झाल्यावर हौस करायची परवानगी आपल्या घरात तुलाच होती. मी असली गाडी घेतली असती तर पहिल्यांदा डॉक्टरला बोलावलं असतंत.

असो. पहिल्या रविवारी तू वहिनीला घेऊन गेलास आणि अर्ध्या तासात परत आलास. वहिनी उतरून तडक घरात गेली. "बसलं की जमीन खालनं घासती वाटतं," म्हणाली, "डोळे मिटून रामरक्षा म्हटली मी. आता वन्संना घेऊन जावा." डोळे मिटून बसणारं माणूस तुझ्या उपयोगाचं नव्हतं. गाडी परदेशी, म्हणून स्टिअरिंग डावीकडे. आपल्या रस्त्यावर पुढे लॉरी असली की डावीकडे बसलेल्याला समोरून काय येतंय ते दिसतच नाही. ते दिसतं उजवीकडच्याला. म्हणजे मला.

असं माझं बोलावणं आलं.

तू विचारायचास, "लाइन क्लिअर?" मी मान बाहेर काढून बघायची आणि "क्लिअर" म्हणायची, की तू गाडी काढायचास. क्षणभरही थांबायचा नाहीस, स्वतः वाकून बघायचा नाहीस. मी "नाही" म्हटलं की ब्रेक. पाच वर्षं, जवळजवळ दर रविवारी. माझ्या डोळ्यांवर तू तुझा जीव टाकलास, हातावर किल्ली मात्र टाकली नाहीस. आणि बस म्हणून दिलेली जागा कुठली, तर उजवी. जिथे जन्मभर माझ्यापुढे स्टिअरिंग असायचं तिथे नुसता कागदपत्रांचा कप्पा. पहिले काही महिने माझा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधायचा. तू ते बघून हसायचास.

तरी मी येत राहिले. का, ते तुला आता सांगायला हरकत नाही. तिरुवान्मियूर मागे पडलं, पूर्व किनाऱ्याचा रस्ता लागला की तू टप मागे टाकायचास. सकाळचे सहा, सव्वासहा. सुरूची झाडं, ओल्या वाळूचा वास, आणि एका वळणानंतर डावीकडे एकदम समुद्र. इतर गाड्यांत आपण रस्त्याच्या वर बसतो, हिच्यात रस्ता आपल्या अंगावर येतो. इंजिनाचा आवाज कानाआधी पाठीत कळतो. तू तिसऱ्यातून चौथ्यात टाकलास की कुणीतरी मागून तळहात टेकवून पुढे ढकलावं तसं व्हायचं, आणि माझं साठीला आलेलं पोट शाळेतल्या झोपाळ्यावर व्हायचं तसं हलकं व्हायचं. बँक नाही, आईची औषधं नाहीत, कुणाची शरूताई नाही, शरूमॅडम नाही. मला त्या दोन तासांची आठवडाभर वाट बघावीशी वाटायची. आणि तू शीळ घालायचास! घरात ज्याचा आवाज ऐकू येत नाही तो माणूस शीळ घालत चालवायचा.

महाबलीपुरमच्या अलीकडे एक टपरी होती. कॉफी प्यायला थांबलो की मी म्हणायची, "दादा, येताना मी?" तू कॉफीची पितळी वाटी, तो डबरा, हलवत कॉफी गार करायचास आणि म्हणायचास, "स्टिअरिंग डावीकडे आहे. तुझ्या सवयीचं नाही."

"तुझ्यातरी कुठे होतं?"

"मी शिकलो."

"मला शिकव. एकदा शिकवलंस ना?"

तू रिकामा डबरा ठेवून उठायचास. हात धुवायला.

एकदा मी सूड घेतला. तुला कळला की नाही ते मला आजवर माहीत नाही. त्याच रस्त्यावरच्या कोवलमच्या आसपास पुढे शहाळ्यांची लॉरी होती. तू विचारलंस, लाइन क्लिअर? रस्ता मैलभर मोकळा होता, कुत्रंसुद्धा नव्हतं. मी म्हटलं, "नाही." पुन्हा विचारलंस. "नाही." अर्धा तास तुझी लाल गाडी त्या लॉरीमागे धूर खात ताशी तीसने चालली. तू एकदाही वाकून बघितलं नाहीस. मला वाटलं होतं मजा येईल. शेवटी मलाच कसंतरी झालं आणि मी "क्लिअर" म्हणून टाकलं. त्या दिवशी घरी आल्यावर तुझी गाडी धुतलीस, आणि दर रविवारसारखी माझी पांढरीही धुतलीस. तिचे ब्रेक तपासलेस, न सांगता. हे मी विसरलेले नाही. माझ्या गाडीचे ब्रेक कधी लागले नाहीत असं झालं नाही, ते तुझ्यामुळे. रागाच्या भरात माणसं उपकार विसरतात, मी राग आणि उपकार दोन्ही लक्षात ठेवले, त्यामुळे धड कुठलंच करता आलं नाही.

आता नवमीचं. बाबांची खंडेनवमी आणि इथली आयुध पूजा यांची आपल्या घरात खिचडीच होती. देवापुढे तुझी व्हर्नियर मोजपट्टी, माझं बँकेतलं पेन, वहिनीची विळी, पोरांची जुनी पुस्तकं, माझ्या पांढऱ्या गाडीची किल्ली, सगळ्यावर चंदन-कुंकू. पूजेत ठेवलेलं दसऱ्याच्या सकाळपर्यंत उचलायचं नाही. फक्त लाल गाडीची किल्ली तुझ्या खिशात, कारण हार घालून झाला की चार चाकांखाली चार लिंबं ठेवायची आणि गाडी त्यांच्यावरून पुढे घ्यायची. चार हात. फार तर पाच.

पाच वर्षं दर नवमीला मी तेच मागितलं. "दादा, लिंबं चिरडण्यापुरती दे. फाटकापर्यंत. वर्षभर पुन्हा मागणार नाही."

आणि तू दर वर्षी म्हणालास, "पुढच्या वर्षी."

यंदाही. हार मी घातला, गंध मी लावलं, लिंबंही मीच खाली वाकून एकेका चाकाला लावली. गुडघे दुखतात माझे. उठून हात पुढे केला. तू हसलास, म्हणालास, "पुढच्या वर्षी, शरू. आधी सुंडल खाऊ." वहिनी सकाळी चण्यांचं सुंडल करून अण्णा नगरला बहिणीकडे गोलूच्या, बाहुल्यांच्या आराशीच्या, हळदीकुंकवाला गेली होती. तू दोनदा घेतलंस. तिसऱ्यांदा वाढायला आले तर तू छातीवर हात ठेवून बसला होतास.

"गॅस आहे," म्हणालास. "चण्यात हिंग कमी पडलाय."

तुझ्या कपाळावर एवढा घाम होता की कुंकू ओघळत होतं. मी म्हटलं, अँब्युलन्स बोलावते. नको म्हणालास, लोक जमतात. नाक्यावर जाऊन आले. रिक्षा सगळ्या धुऊन, हार घालून, केळीचे खुंट बांधून उभ्या, रिक्षावाला एक नाही. परत आले, देवापुढची माझ्या गाडीची किल्ली उचलायला हात घातला, तर तू बसल्या जागेवरून ओरडलास, "पूजेतली उचलू नकोस! सणाचा अपशकुन."

आणि मी हात मागे घेतला. दादा, मी हात मागे घेतला. तू इंजिनिअर, मी बँकेत जन्म काढलेली, आणि आपण दोघांनी मिळून कुंकवाच्या एका बोटाला भिऊन ती किल्ली तिथेच राहू दिली.

"मग लालची दे," मी म्हटलं. "मी नेते."

"तुला जमायची नाही ती. बस उजवीकडे."

तू निघालास तेव्हा लिंबं फुटली. चारही. आवाज ऐकला मी. गिअर बदलायचा तर स्टिअरिंग एकट्या डाव्या हातावर राहणार, आणि तोच हात दुखत होता, म्हणून तू सगळी वाट दुसऱ्या गिअरात काढलीस. त्या गाडीला इतकं सावकाश जाताना मी पहिल्यांदा बघितलं. पुलाच्या अलीकडे एक व्हॅन आडवी आली. तू विचारलंस, "लाइन क्लिअर?" मी म्हटलं, "क्लिअर, दादा, क्लिअर, जा." आपण शेवटचं बोललो ते साधारण हेच.

शेवटचं नाही. हॉस्पिटलच्या दारात तू ब्रेक ओढलास, न्यूट्रल केलंस, जसं नेहमी करायचास तसं दोनदा हलवून बघितलंस. वॉचमन पुढे आला तर त्याला हाताने थांबवलंस. इंजिन बंद करून किल्ली काढलीस आणि माझ्या तळहातावर ठेवलीस. ओली होती.

"तू लाव," म्हणालास. "तिसरा जरा अडकतो. जोर लावू नकोस."

आणि छातीवर हात ठेवून आत चालत गेलास. मागे वळून बघितलं नाहीस.

आता ते खोटं वाक्य. जागा मिळेना, असं मी सगळ्यांना सांगितलं. दादा, सुट्टीचा दिवस होता. दारासमोर दोन जागा रिकाम्या होत्या. वॉचमन त्यातली एक हाताने दाखवत होता.

मी डावीकडे सरकले. तुझे पाय लांब, सीट मागे, मी सीटच्या कडेला बसून पेडलला पाय पोचवला. सुरू केली. ती थरथर या वेळी माझ्या हातांत आली. मी त्या रिकाम्या जागेकडे बघितलं, वॉचमनकडे बघितलं, आणि पुढच्या फाटकाने बाहेर पडले. एक वळसा, मी मनाशी म्हटलं. या इमारतीला एक वळसा. तू आत डॉक्टरांजवळ पोचला होतास, गॅसच होता, तूच म्हणाला होतास.

वळशाशी मी वळले नाही. नदीकडचा रस्ता सणामुळे ओस होता. दुसरा टाकला. मग तिसरा, जोर न लावता, पायाखाली अंडं आहे असं समजून, आणि तो अडकला नाही. लोण्यासारखा बसला. पुढे केळीचे खुंट बांधलेली एक बस होती. मी सवयीने मोठ्याने विचारलं, "लाइन क्लिअर?" उजव्या सीटवर तुझा घाम पुसलेला टॉवेल होता. मी थोडी मागे पडले, थोडी बाहेर काढून बघितलं, आणि घातली पुढे. बस मागे गेली, वारा तोंडावर आला आणि मी ओरडले. एकसष्ट वर्षांची बाई, भर रस्त्यात, एकटी, आनंदाने ओरडले. बाबांचं ते वाक्य त्या क्षणी खरं होतं आणि ते मला हातांत कळत होतं. त्या वेळी तू माझ्या मनातही नव्हतास.

परत येऊन त्याच रिकाम्या जागेत लावली. आत गेले तर नर्स माझ्याकडेच येत होती. तिला मी कोण ते सांगावं लागलं नाही. म्हणाली, "तंगच्ची वंदुट्टाळा-न्नु रेंडु तडवै केट्टार, मा." धाकटी बहीण आली का, असं दोनदा विचारत होते. गाडी लावली का, असं नव्हतास विचारत. मी आले का, विचारत होतास. दोनदा. आणि मी नदीकाठी तिसऱ्या गिअरात होते.

"पार्किंग किडैक्कलै," मी म्हटलं. जागा मिळाली नाही. तिथून ते खोटं सुरू झालं.

वहिनीने किल्ली माझ्याकडे दिली आहे. "तुम्हीच ठेवा, वन्सं, तुम्ही दोघंच बसायचांत तीत." तुझा मुलगा फोनवर म्हणतो, विकून टाक आत्या. मी रोज सकाळी पोर्चमध्ये जाते, दार उघडते आणि उजवीकडे बसते.

माफी मागायला बसले होते हे लिहायला. मागतेही. पण ती काही मिनिटं मी परत देणार नाही, दादा, तुझ्यासाठीसुद्धा नाही. तू मला चाळीस वर्षं काही दिलं नाहीस आणि दिलंस ते नेमकं तेव्हा. त्या सकाळी चार लिंबांपुरती किल्ली दिली असतीस, तर दुपारी मी गाडी समोरच्या जागेत लावली असती आणि तुझ्या मागोमाग आत आले असते.